गीताचा कर्ता कोण? : ‘शीळ’ आणि कवि-गायकांचा एक पुरस्कार

मराठी भावगीताचा आरंभ नेमका कोठून धरावा ह्याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नसली, तरी त्या आरंभाची चर्चा ‘शीळ’ ह्या गीताचा उल्लेख केल्यावाचून पुरी होत नाही. ना. घ. देशपांडे ह्यांची ही कविता जी. एन. जोशी ह्यांनी स्वतः चाल लावून गायिली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ज्या घरांत कवितेचे पुस्तक कधी आले नव्हते त्या घरांतही ती जाऊन पोचली. कवी बुलढाणा जिल्ह्यातील. नागोराव घनश्याम देशपांडे ह्यांचा जन्म १९०९ मध्ये सिंदखेडराजा येथे झाला. पुढे त्यांनी मेहकर येथे वकिली केली आणि आयुष्याचा फार मोठा भाग पैनगंगेकाठच्या त्या गावीच काढला. ‘शीळ’ ह्याच नावाचा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे गीत महाराष्ट्रभर ऐकले जाऊ लागल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी कविता पुस्तकात आली. सामान्यतः कविता आधी छापली जाते व मग तिचे गाणे होते. येथे क्रम उलटला आहे, आणि तो केवळ प्रकाशनाचा योगायोग मानून सोडून देण्याजोगा नाही.

१९८६ मध्ये देशपांडे ह्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ‘खूणगाठी’ ह्या संग्रहासाठी. कवीचे वय तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. पुरस्कार ग्रंथाला होता आणि ग्रंथ त्या योग्यतेचा होता, ह्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या रचनेमुळे ह्या कवीचे शब्द दोन पिढ्यांच्या ओठांवर राहिले, त्या रचनेचा गीत म्हणून गौरव करील असे स्थान मराठीच्या मानसन्मानांच्या व्यवस्थेत नव्हते. ग्रंथाचा गौरव साहित्यसंस्थांनी करावा व गळ्याचा गौरव संगीतसंस्थांनी, अशी ती वाटणी आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात गीतकार, संगीतकार आणि पार्श्वगायक असे तीन वेगळे पुरस्कार दिले जातात. म्हणजे तेथेही गीताचे तीन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तोलला जातो. जे एकत्र झाल्यामुळेच जिवंत झाले त्याचे मूल्यमापन सुटे करून व्हावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्या प्रश्नाकडे पाहण्यास एक परका दाखला उपयोगी पडतो. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील संगीतासाठी २००० पासून ‘लॅटिन ग्रॅमी’ ह्या नावाचे पुरस्कार दिले जातात. त्यांत कवि-गायकाच्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकेसाठी एक वर्ग पूर्वीपासून होता. २०२३ मध्ये त्याला कवि-गायकाच्या एकेका गीताचा स्वतंत्र वर्ग जोडण्यात आला. त्या वर्षीचा समारंभ स्पेनमधील सेव्हिया येथे झाला आणि ह्या नव्या वर्गातील पहिला मान मेक्सिकोची गायिका नातालिया लाफुर्काद हिला मिळाला. वर्गाचे नाव लक्षणीय आहे. स्पॅनिशमध्ये अशा कलावंतास ‘कांताउतोर’ म्हणतात. ‘गाणे’ आणि ‘कर्ता’ ह्या अर्थांचे दोन शब्द त्यात असे सांधले आहेत की सांधा दिसू नये. जो रचतो तोच गातो, आणि तोच गात असल्यामुळे त्या शब्दांची जबाबदारी त्याची, असा त्या नावाचा आशय आहे.

हा आशय केवळ व्याकरणातून आलेला नाही. त्यामागे इतिहास आहे. चिलीमधील व्हिओलेता पार्रा हिने खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीते गोळा केली आणि त्याच मातीत स्वतःची गीते रुजवली. तिच्या मागून आलेल्या पिढीतील व्हिक्तोर हारा ह्या गायकास १९७३ मधील लष्करी उठावानंतर काही दिवसांतच ठार मारण्यात आले. स्पेनमध्येही फ्रान्कोच्या राजवटीत गिटार घेऊन एकट्याने उभे राहून स्वतःचे शब्द गाणारा माणूस ही राज्यकर्त्यांना डाचणारी गोष्ट होती. अशा परिस्थितीत ‘हे शब्द माझे आहेत’ असे म्हणणे हा निव्वळ श्रेयाचा दावा राहत नाही. ते साक्ष देणे ठरते. गायक आणि कर्ता ह्यांच्या एकरूपतेला त्या भाषांत नैतिक मूल्य आले ते ह्या कारणाने. पुढे मानचिन्हांच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यापारात त्या मूल्याचा एक वर्ग झाला, हे त्याचे उत्तरायुष्य म्हणावे.

आता ही कसोटी ‘शीळ’ला लावून पाहिली तर काय दिसते? पहिल्याच पायरीवर गीत बाद होते. शब्द मेहकरच्या वकिलाचे, चाल व गळा जोशी ह्यांचा. पण हा तांत्रिक अपात्रतेचा भाग झाला आणि तो फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की कसोटीच्या मुळाशी असलेली कल्पना, म्हणजे गीतातील ‘मी’ हा गाणाऱ्याचा स्वतःचा ‘मी’ असला पाहिजे ही अपेक्षा, ह्या गीताला मुळातच लागू पडत नाही.

‘शीळ’मधील बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. रानात शीळ घालीत हिंडणाऱ्या प्रियकराला ती लटक्या रागाने बोल लावते. त्याला काळवेळाचे भान नाही ही तिची तक्रार आहे आणि त्या तक्रारीतच तिची ओढ आहे. मध्येच ‘बाई’ असे संबोधन येते. त्यामुळे ती एकाच वेळी प्रियकराशी, सखीशी आणि स्वतःशी बोलत असल्याचा भास होतो. हे शब्द लिहिणारा एक तरुण पुरुष, आणि ते गाणाराही पुरुषच. ऐकणाऱ्यास ह्यात काही विसंगती वाटली नाही, कारण त्याच्या कानावर शतकानुशतके गवळणी पडत आल्या होत्या. पुरुष संतांनी गोपीच्या तोंडून बोलावे, पुरुष शाहिराने नायिकेची लावणी रचावी आणि ती कोणीही म्हणावी, ही मराठी गीताची जुनी रीत आहे. प्रियकराला कृष्णाचे रूप देऊन कवीने ह्या रीतीशी आपले नाते कवितेतच जोडून ठेवले आहे. अशा गीतातील ‘मी’ हा कोणाच्याच मालकीचा नसतो. तो पोशाखासारखा असतो; जो गातो तो तेवढ्या वेळेपुरता तो अंगावर घेतो.

ह्या ठिकाणी कवितेच्या घडणीकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे, कारण कवी आणि गायक ह्यांच्या कामाची सीमारेषा तेथे कशी पुसली जाते हे त्यावरून कळते. ध्रुवपद ‘शीळ’ ह्या शब्दावर संपते आणि कडव्यांतील यमके त्याच्याशी ‘ळ’काराने बांधलेली आहेत. ‘ळ’ हा मराठीचा खास वर्ण. पण गायकाच्या दृष्टीने तो अवघड आहे. त्यावर स्वर लांबविता येत नाही. जीभ उलटून टाळूला लागते आणि आवाज तेथे मिटतो. म्हणून गायकाला जे काही करावयाचे ते आधीच्या दीर्घ ईकारावर. तो ईकार ताणला जातो, त्यावर हवी तशी स्वरांची फिरत घेता येते, आणि शेवटी ‘ळ’वर येऊन नाद एकदम थांबतो. रानात दूर जाणाऱ्या शिळेचेही असेच होत असते: ती लांबत जाते आणि डोंगराच्या वळणाआड गेल्यासारखी तुटते. हा परिणाम कवीने शब्दांत पेरलेला आहे की गायकाने आपल्या स्वराने काढलेला आहे? कागदावरची कविता वाचताना तो सूचित होतो, ऐकताना सिद्ध होतो. एकाने जागा ठेवली आणि दुसऱ्याने ती ओळखली, एवढेच म्हणता येते.

‘शीळ’ ह्या शब्दावरील श्लेषही असाच आहे. प्रियकराच्या ‘कुळशीळा’चा उल्लेख कवितेत येतो, आणि तोंडाने घातलेली शीळ व माणसाचे शील हे दोन अर्थ एकमेकांना घासून जातात. थोरा घरचा मुलगा असा रानभर शीळ घालीत हिंडतो, ह्यातली थट्टा आणि कौतुक त्या घर्षणात आहे. ही गंमत वाचकाच्या लगेच लक्षात येते. गाताना मात्र ती सांभाळावी लागते. शब्द स्वरात बुडवला तर श्लेष नाहीसा होतो. जोशी ह्यांच्या गायनाचा विशेष हा की त्यांनी शब्द बुडू दिला नाही. त्यांच्या गायनाला रागदारीचा आधार असूनही भावगीतात त्यांनी तानेचा हव्यास धरला नाही. भावगीत नाट्यपदाहून वेगळे झाले ते ह्याच संयमामुळे. नाट्यपदात बहुधा चाल आधी ठरलेली असे व शब्द तिच्या मापाने बेतले जात. येथे चालीला शब्दाच्या मागून चालावे लागले.

परंतु मराठीत कर्ता आणि गाता ह्यांची एकरूपता नव्हतीच असा ह्याचा अर्थ करणे चुकीचे होईल. ती होती, आणि ठसठशीत होती. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर तुकडोजी महाराजांचे उदाहरण पुरेसे आहे. देशपांडे ह्यांच्याच वर्षी, १९०९ मध्ये, अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या ह्या पुरुषाने स्वतः भजने रचली आणि हातात खंजिरी घेऊन स्वतः गायिली. वामनदादा कर्डक ह्यांनी आंबेडकरी चळवळीत गावोगाव हिंडून तेच केले. स्पॅनिश भाषकांच्या ‘कांताउतोर’ला ह्यांच्याहून जवळचा मराठी पर्याय सापडणार नाही. मात्र एक फरक आहे. ह्या रचनांच्या शेवटी कर्त्याची नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’ ह्या प्राचीन रीतीने ‘तुकड्या’ किंवा ‘वामन’ हे नाव रचनेतच विणलेले असते. त्यामुळे रचना दुसऱ्या कोणी गायिली तरी कर्ता हरवत नाही. गाणाऱ्याला शेवटच्या चरणात त्याचे नाव घ्यावेच लागते. नाममुद्रेने एक मोठा प्रश्न सोडविला होता. गीत सर्वांचे झाले तरी ते कोणाचे हे विसरले जात नव्हते. स्पॅनिश गीताला जे काम गायकाच्या देहाकडून करून घ्यावे लागते, ते मराठी पदात एका शब्दाने होत असे.

ह्याहूनही बोलका दाखला पेशवाईच्या उत्तरकाळातील आहे. होनाजी बाळा हे नाव सर्वत्र एका शाहिराचे नाव म्हणून घेतले जाते. वस्तुतः ती दोन माणसे होती. होनाजी शिलारखाने रचना करी आणि त्याचा मित्र बाळा करंजकर ती गात असे. लोकांनी दोघांची नावे जोडून एक केली आणि त्यातच दोघांच्या श्रेयाचा निवाडा झाला. कोणी अर्धे मागितले नाही, कोणाचे अर्धे बुडाले नाही. ‘कांताउतोर’ ह्या शब्दात एका माणसातील दोन कामे सांधली आहेत. ‘होनाजी बाळा’ ह्या नावात दोन माणसांचे एक काम सांधले आहे. मराठी गीताचा विचार करताना हा दुसरा सांधा अधिक मोलाचा वाटतो.

मग भावगीतात हा सांधा का टिकला नाही? रविकिरण मंडळाची स्थापना १९२३ मध्ये झाली, आणि त्या सुमारास कवीने आपली कविता सभेत स्वतः गाऊन दाखविण्याची प्रथा रूढ झाली होती. यशवंत, गिरीश ह्यांच्या काव्यगायनाला मोठा श्रोतृवर्ग लाभला. म्हणजे भावगीताच्या अगदी उंबरठ्यावर मराठी कवी हा गायकही होता. तबकडीने ही स्थिती पालटली. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात परिणाम साधावयाचा तर कसलेला गळाच हवा. सभेतील श्रोता कवीचे काव्यगायन रसिकतेने सोसून घेई. विकत घेतलेल्या तबकडीकडून तशी सवलत कोणी देणार नव्हते. कवीचा आवाज अशा रीतीने बाजूस झाला. आधुनिक कवितेने नाममुद्रा टाकून दिली होतीच. रचनेत नाव नाही आणि गळाही स्वतःचा नाही, अशा दुहेरी अनामिकतेत भावगीताचा कवी सापडला. गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. लोक ‘जी. एन. जोशींची शीळ’ म्हणत. त्यात जोशी ह्यांचा दोष काही नाही. एका वऱ्हाडी कवीच्या कवितांची त्यांनी निवड केली, ‘शीळ’प्रमाणे ‘नदीकिनारी’ही लोकांपुढे आणली, आणि पुढे ध्वनिमुद्रण-व्यवसायात दीर्घकाळ राहून इतर अनेकांचे गाणे जतन केले. दोष असलाच तर तो नव्या साधनाच्या स्वभावाचा.

कवीच्या बाबतीत ह्याचे जे झाले ते मात्र अभ्यासकांनी मनावर घेतले पाहिजे. देशपांडे ‘शीळकार’ झाले आणि त्या बिरुदाखाली त्यांची पुढील कविता दबून गेली. ‘अभिसार’ हा संग्रह १९६३ मध्ये आला आणि ‘खूणगाठी’ त्यानंतर जवळजवळ दोन तपांनी. प्रीतीच्या उत्कट आर्ततेकडून अंतर्मुख चिंतनाकडे झालेला प्रवास ह्या संग्रहांत स्पष्ट आहे. मेहकरच्या कंचनीच्या महालावर त्यांनी दीर्घ कविताही रचली. ती तीन मिनिटांच्या तबकडीत बसणारी नव्हे. पण ज्या कवीला लोकांनी कानाने ओळखले त्याला डोळ्यांनी वाचण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले. गीतकार म्हटला की कवी म्हणून दोन पायऱ्या खाली, असा एक समज मराठी समीक्षेत बराच काळ होता, आणि तो उघडपणे कोणी मांडीत नसल्यामुळे त्याचे खंडनही कोणी केले नाही. अकादमीच्या पुरस्काराने कवीला न्याय मिळाला खरा. पण तो ‘शीळ’मुळे नव्हे, जणू ‘शीळ’ असूनही मिळाला.

येथे कोणी म्हणेल की आता काळ बदलला आहे. २०१६ मध्ये बॉब डिलन ह्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०१९ मध्ये ब्राझीलचे शिकू बुआर्की ह्यांना पोर्तुगीज साहित्याचा सर्वोच्च असा कामोइंश पुरस्कार जाहीर झाला. गीतकाराला साहित्याचे दार उघडले, हे ठीकच. परंतु ही दोन्ही नावे स्वतः रचून स्वतः गाणाऱ्यांची आहेत. ज्याच्यापाशी गळा आहे त्या गीतकारालाच हे दार उघडले असेल, तर मेहकरच्या वकिलाचा प्रश्न जेथे होता तेथेच राहतो.

शिवाय त्या भाषांतही गीताचा खरा व्यवहार पुरस्काराच्या व्याख्येहून सैल आहे. ब्राझीलच्या ‘इपानेमाची मुलगी’ ह्या १९६२ मधील जगप्रसिद्ध गीताचे शब्द व्हिनिसियुस द मोराइस ह्या कवीचे, संगीत आंतोनियो कार्लोस जोबिम ह्यांचे. आणि बाहेरच्या जगाला ते ऐकविले ते ह्या दोघांनी नव्हे, तर जुआंव व आस्त्रुद जिल्बेर्तो ह्या तिसऱ्या-चौथ्यांनी. कवि-गायकांच्या परंपरेची जी अग्रणी, त्या व्हिओलेता पार्राचे जीवनाचे आभार मानणारे गीतसुद्धा तिच्या मृत्यूनंतर दूरवर पोचले ते आर्जेन्तिनाच्या मेर्सेदेस सोसा हिच्या गळ्यातून. सोसा स्वतः गीते रचणारी नव्हती. पुरस्काराच्या व्याख्येप्रमाणे ती ‘कांताउतोर’ ठरत नाही. तरीही ते गीत तिने गायिले तेव्हा त्यात काही उणे झाले असे त्या भाषेतील रसिक म्हणत नाहीत. सोसाने १९७१ मध्ये काढलेल्या त्या ध्वनिमुद्रिकेचे नावच ‘व्हिओलेता पार्राला अभिवादन’ ह्या अर्थाचे आहे.

स्पेनचा जुआन मानुएल सेर्रात हा स्वतः थोर कवि-गायक. त्याने १९६९ मध्ये स्वतःची रचना बाजूला ठेवून, १९३९ मध्ये निर्वासित अवस्थेत मरण पावलेल्या आंतोनियो माचादोच्या कवितांना चाली लावल्या आणि त्या गायिल्या. त्या तबकडीचे शीर्षक ‘कवी आंतोनियो माचादो ह्यांस अर्पण’ अशा अर्थाचे आहे. कवीचे नाव तेथे वेष्टनाच्या कोपऱ्यातील बारीक टाइपात नाही. शीर्षकातच आहे, आणि ‘कवी’ हा शब्दही त्यात मुद्दाम घातलेला आहे. मराठीत हे काम शेवटी पुस्तकाने केले. १९५४ मध्ये आपल्या पहिल्या संग्रहाचे नाव ठरविताना देशपांडे ह्यांनी दुसरे कोणतेही नाव न घेता ‘शीळ’ हेच घेतले. वीस वर्षे दुसऱ्याच्या गळ्यात राहिलेला तो शब्द तेव्हा त्यांच्या नावाशेजारी छापला गेला.